आंडेर म्हणजे मुलगी

कानवाल्याने माझ्या आईला फसवलं. सौदा मी केला होता. ही दोन्ही वाक्यं मी सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे मी काही लपवतोय असं कुणाला वाटायला नको.

कानवाला हे त्याचं नाव नाही. आईने त्याला तसं म्हणायला सुरुवात केली, कारण तो आमच्या घरात आला तेव्हा त्याच्या दोन्ही कानांवर काळ्या वाट्या होत्या आणि तो त्या काढतच नव्हता. चहा पितानाही एकच वाटी बाजूला सरकवायचा. चित्रपटात, मालिकांत जो आवाज भरतात, तो गोळा करणं हे त्याचं काम. दाराचा आवाज, पाण्याचा आवाज, बाईच्या गाण्याचा आवाज. मला तो माणूस हुशार वाटला होता. मला हुशार माणसं आवडतात, कारण त्यांच्याशी घासाघीस करायला मजा येते.

माझा धंदा डॅमेज साड्यांचा. प्रिंट सरकलेली, काठ फाटलेला, रंग उडालेला, असा माल मी रिंगरोडच्या मार्केटमधून वजनावर उचलतो आणि पुढे विकतो. धुळ्याकडच्या आमच्या गावातून सुरतला आलो तेव्हा सातवी पास होतो आणि लूमवर बारा बारा तास उभा राहायचो. आज स्वतःचं दुकान आहे. मला कुणी बोट धरून चालवलं नाही. माणूस दुकानात शिरला की तो किती घाईत आहे, हे मला त्याच्या चपलांवरून कळतं. आणि एक प्रश्न मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतोच: माल कुठे जाणार? मार्केटमधले गुजराती शेठ हसतात. म्हणतात, "तमे मालनुं वेचाण करो छो के कन्यादान?" माल विकता की कन्यादान करता? हसू देत. माल कुठे जाणार ते कळलं की भाव कळतो, गरज कळते, खोटं कळतं. लग्नात द्यायघ्यायला नेणारा वेगळा, बुजगावण्याला गुंडाळायला नेणारा वेगळा.

सुरतबाहेर कडोदऱ्याला एक लूमचा कारखाना काही दिवस बंद पडून होता. तिथे मोबाइलवर दिसणाऱ्या कुठल्या तरी मालिकेचं शूटिंग चाललं होतं. त्यांना छताला टांगायला जुन्या साड्या हव्या होत्या, म्हणून ते माझ्या दुकानात आले. मी विचारलं, माल कुठे जाणार? ते म्हणाले, बंद कारखान्यात टांगणार, वाऱ्यावर हलल्या पाहिजेत. मी म्हटलं, मग सिंथेटिक न्या, सुती जड पडेल. त्यांना पटलं. तीन गाठोडी दिली. त्यांच्याबरोबर कानवाला आला होता. तो साड्यांकडे बघतच नव्हता. साडी झटकली की जो फडफड आवाज होतो, तो ऐकत उभा होता.

"भाईसाहब, आपकी तरफ की औरतें गाती हैं?" त्याने मला विचारलं.

"मेरी माँ गाती है," मी म्हणालो. विचार न करता म्हणालो.

आईचं गाणं म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या गावाला पाणवठ्याजवळ कडुनिंबाला झोका असायचा. माझी बहीण, माझ्याहून मोठी, दिवसभर तिथे. ऊन उतरलं की आई ओट्यावर उभी राहून तिला हाका मारायची. हाक लांब जायची नाही, म्हणून ती सुरावर ओढायची. ओढता ओढता तिचं गाणं झालं.

झोका थांबना वं आंडेर,
ऊन कलनं वं आंडेर,
भाकर निवनी वं आंडेर,
घर ये, घर ये.

झोका थांबला, ऊन कललं, भाकर निवली, पोरी, घरी ये. आमच्या अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. एवढंच ते गाणं. ते गावात दुसरं कुणी म्हणत नव्हतं. आईला कुणी शिकवलं नव्हतं. बहिणीचं लग्न झालं, ती सुरतजवळ चलथाणला गेली, तिचा नवरा तिथे उसाच्या कामावर. मग मीही सुरतला आलो, आईला आणलं, कोसाडच्या वसाहतीत घर घेतलं. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, हा आमच्याकडचा रिवाज. कोसाडला झाड कुठलं? आम्ही जिन्याच्या वरच्या लोखंडी कठड्याला दोर बांधायचो. बहीण रिक्षातून उतरली की आई दुसऱ्या मजल्यावरून तेच गाणं म्हणायची आणि माझी चाळिशी उलटलेली बहीण पिशव्या खाली टाकून, कमरेवर हात ठेवून, वर बघत पूर्ण गाणं ऐकायची. त्यानंतरच जिना चढायची. खालचे गुजराती लोक, बिहारी लोक, सगळे बघायचे. कुणाला शब्द कळत नसत. तरी माणसं थांबायची.

कानवाल्याला मी घरी नेलं. त्यासाठी बहिणीलाही चलथाणहून बोलावून घेतलं, कारण ती समोर असल्याशिवाय आई गाणार नाही हे मला ठाऊक होतं. आता सौदा ऐका. मी काय काय मागितलं, ते मला आजही तोंडपाठ आहे. आई कुठे जाणार नाही, घरातच रेकॉर्डिंग. दोन तासांच्या वर नाही. बहिणीला परत गाडीने सोडायचं. शेवटी पडद्यावर आईचं नाव आलं पाहिजे. रेकॉर्डिंगची एक प्रत आम्हाला मिळाली पाहिजे. आणि साडी, पण माझ्या दुकानातली नाही, चांगली. कानवाला प्रत्येक गोष्टीला थोडा अडला, मग हो म्हणाला. मी प्रत्येक वेळी थोडा आवाज चढवला, मग खाली आणला. तो इंग्रजी कागद पुढे करत होता तेव्हा माझी छाती फुगलेली होती. आईने अंगठा दिला. खाली मी सही केली.

माल कुठे जाणार, हे मी विचारलं नाही.

का नाही विचारलं, याचा मी खूप विचार केला आहे. साड्यांच्या वेळी विचारलं आणि आईच्या वेळी नाही. बहुतेक मी गृहीत धरलं होतं. लूमवर असताना मी एक चित्रपट पाहिला होता. त्यात कामगारांची खानावळ आहे, सगळे खाली मान घालून जेवतायत, कोपऱ्यात कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर गावाकडचं गाणं लागतं. कुणी जेवायचं थांबत नाही. कुणी रडत नाही. फक्त घास तोंडाकडे न्यायचा वेग कमी होतो. बस, एवढंच दाखवलं होतं. मी थिएटरात तोंडावर रुमाल धरून बसलो होतो. माझ्या डोक्यात आईचं गाणं तसल्याच जागी जाऊन बसलं होतं. कुणीतरी लांबून घरी येतंय आणि मागे आई हाक मारतेय. दुसरी जागा मला सुचलीच नाही.

सुचायला हवी होती. कारण गाण्याला जागा कशी खाते, ते मी लहानपणीच पाहिलं होतं. आमच्या गावच्या बँडकडे वरातीचं एक झकास गाणं होतं. प्रत्येक लग्नात वाजायचं. मग गावात पडदा लावून एक चित्रपट दाखवला. त्यात तेच गाणं बाहेर वाजत असतं, मांडवात बाप पाहुण्यांना पाणी देत असतो, आणि मुलगी मागच्या दाराने निघून विहिरीकडे चालत जाते. गाणं मध्ये थांबत नाही. बँड वाजतच राहतो. त्यानंतर लग्न ठरलं की मुलीचे बाप बँडवाल्याला सुपारी देताना सांगायचे, "ते विहिरीचं नको." गाण्यात विहिरीचा शब्दही नव्हता. पण त्याचं नावच विहिरीचं पडलं. बँडवाल्याने ते सोडून दिलं. एका दृश्याने दहा गावांच्या लग्नांतून एक गाणं काढून नेलं. हे मला माहीत होतं. आणि तरी मी सही केली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी आई खुशीत होती. घरातला पंखा बंद, टीव्ही बंद, खिडक्यांना गोधड्या लावलेल्या. बहीण भिंतीला टेकून बसली होती. कानवाल्याने काठीला लावलेला केसाळ माइक आईच्या तोंडाजवळ धरला. आई मला म्हणाली, "मन्हं गानं लोकेस्ले काय कामनं?" तिच्या गाण्याचा लोकांना काय उपयोग, असं ती विचारत होती. मी म्हटलं, "तू म्हण. ते बघून घेतील काय करायचं ते." तिने पहिल्या वेळी म्हटलं तेव्हा बहिणीला हसू आलं. दुसऱ्या वेळी रिक्षाचा हॉर्न आला. तिसऱ्या वेळी नीट झालं. गाणं संपल्यावर कानवाला हात वर करून तसाच थांबला होता, कुणी बोलू नका म्हणून. आईला ते काय कळणार? ती हसून म्हणाली, "व्हयनं का? मंग तू बी आते घर जाय. तुन्ही माय वाट देखत व्हई."

झालं ना, मग तूही आता घरी जा, तुझी आई वाट बघत असेल. कानवाल्याला मी हिंदीत सांगितलं तेव्हा तोही हसला. तो दोन्ही वाट्या काढून आईच्या पाया पडल्याचं मला आठवतं. जाताना मी त्याला विचारलं, शब्द लिहून घेतले ना? म्हणाला, "सब सुन लिया, भाईसाहब. हमारे यहाँ लिखनेवाले अलग हैं."

काही महिन्यांनी त्याचा निरोप आला की मालिका लागली आहे. मी सगळ्या मजल्याला सांगितलं. रविवारी दुपारी माझ्या एका खोलीत पंधरा माणसं बसली. आईला सगळ्यात पुढे, नव्या साडीत. तिच्या मांडीवर माझी मुलगी, तेव्हा पाच वर्षांची. बहीण चलथाणहून सकाळीच आली होती. मी मोबाइल टीव्हीला जोडला आणि मागे उभा राहिलो, हाताची घडी घालून.

आधी साड्या दिसल्या. अंधाऱ्या कारखान्यात माझ्या साड्या टांगलेल्या, हलत होत्या. मी म्हणालो, "ही माझी. तीही माझी." शेजारची गुजराती बाई म्हणाली, "वाह भाई." मग त्या साड्यांच्या मधून एक दोर दिसला. एक झोका. रिकामा. तो आपोआप पुढे-मागे होत होता आणि हळूहळू थांबला.

मग आईचा आवाज आला.

आईचाच, पण विहिरीतून आल्यासारखा. त्यांनी त्याला काहीतरी केलं होतं. प्रत्येक शब्दाच्या मागे तोच शब्द पुन्हा यायचा, जरा खालच्या सुरात. झोका थांबना वं आंडेर. बंद लूमच्या मधून पांढऱ्या कपड्यांतली एक बाई चालत येत होती, तोंडावर केस. ऊन कलनं वं आंडेर. खाली हिंदीत अक्षरं उमटत होती. शेजारच्या बाईने सवयीने ती मोठ्याने वाचली: "झूला थम गया, ओ अंधेर. धूप ढल गई, ओ अंधेर."

भाकरीची ओळ त्यांनी काढून टाकली होती. भुताला भाकर कशाला? आणि "घर ये" यायच्या आत पडद्यावरची मुलगी किंचाळली आणि गाणं तिथेच तुटलं.

खोलीत कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, बापरे, मस्त डरावना आहे. आईने मागे वळून मला विचारलं, "हाई कोन गाई ऱ्हायनं?" हे कोण गातंय. बहीण म्हणाली, "माय, तूच." आईने पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग शेजारणीला म्हणाली, जणू चूक शेजारणीने केली होती, "अंधेर नही वं. आंडेर. मी मन्ही आंडेरले बलावस."

मी माझ्या मुलीला बोलावते आहे. शेजारणीला अहिराणी कळत नव्हती. तिने मान डोलावली.

मी तेव्हा माझ्या मुलीकडे बघत होतो. ती मान वर करून आजीच्या तोंडाकडे बघत होती. त्या आवाजाचं तोंड हेच का, हे तपासल्यासारखी. मग ती हळूच, कुणाला कळू न देता, आजीच्या मांडीवरून घसरून खाली उतरली आणि तिच्या आईजवळ जाऊन बसली. माझ्या आईचे दोन्ही हात मांडीवर तसेच गोल राहिले. आत काही नव्हतं.

शेवटी नावं आली. साड्या कुणी दिल्या त्याचं नाव नव्हतं, ते मी मागितलंही नव्हतं. गाण्यापुढे लिहिलं होतं: पारंपरिक. दोन वेळा मागे नेऊन पाहिलं. पारंपरिक. म्हणजे कुणाचंच नाही. आमच्या ओट्याच्या बाहेर ती परंपरा कधी गेली नव्हती.

मग गाण्याचा तो तुकडा सगळीकडे गेला. तीस सेकंदांचा, सगळ्यांच्या मोबाइलवर. लोक त्यावर आपापले व्हिडिओ बनवायचे. दार उघडतं, आईचा आवाज. मांजर अंधारात बसलंय, आईचा आवाज. कुणाची सासू गावाहून आली, आईचा आवाज, खाली हसणारी तोंडं. मार्केटच्या लिफ्टमध्ये, चहाच्या टपरीवर, भर दुपारी, कुठूनही तो यायचा. मी भाव करत असायचो आणि पाठीमागे कुणाच्या तरी खिशात आई म्हणायची, ऊन कलनं. माझा आकडा चुकायचा. मार्केटमधल्या एका दलालाने तो फोनच्या रिंगला लावला होता. मी त्याला म्हटलं, काढ. तो म्हणाला, "अरे शेठ, भूत से डरते हो?" मी त्याला ओळखतो, वाईट माणूस नाही. त्याला काय माहीत? मला सांगता आलं असतं. मी त्याची कॉलर धरली.

कोसाडला पोरांचा खेळ झाला होता. एकाने भूत व्हायचं, जिन्याखाली उभं राहून "ओ अंधेर" म्हणायचं, बाकीच्यांनी पळायचं. एका सकाळी आई दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होती. वरून पोरं उतरत होती. तिला बघून एक ओरडला, "अंधेरवाली बा आवी," म्हणजे अंधेरवाली आजी आली, आणि सगळी धडधडत उलटी वर पळाली. आईला वाटलं खेळ आहे. ती हसली आणि दोन पायऱ्या त्यांच्या मागे धावल्यासारखं केलं. तेव्हा वरून रडण्याचा आवाज आला. खरं रडणं. त्या पोराची आई बाहेर आली आणि पोराला आत घेऊन, दार लावून बसली.

हे मला कळलं तेव्हा मी त्या घरी जाऊन त्यांचा फोन घेतला आणि जिन्यावरून खाली फेकला. माझा राग असाच आहे. फोन भरून द्यावा लागला, त्याचं काही नाही. पण आई माझ्यामुळे त्या शेजारणीच्या दारात उभी राहून हात जोडत होती, ते मला दिसतं.

त्या दिवशी तिने मला एकदाच विचारलं. भांडी घासत होती. माझ्याकडे बघितलंही नाही. "दादा, तू त्याले इचारं नही का, गानं कोठे जाई?"

आयुष्यभर प्रत्येकाला तोच प्रश्न विचारणारा मी. मी म्हटलं, "त्यांनी फसवलं, माय." ती म्हणाली, "ते माले समजनं." आणि नळ मोठा केला.

पुढच्या आखाजीला बहीण आली. मी कठड्याला दोर बांधला होता. ती रिक्षातून उतरली, पिशव्या खाली ठेवल्या, कमरेवर हात ठेवून वर बघत उभी राहिली. आई दुसऱ्या मजल्यावर उभी होती. पदर दातात धरलेला. बहीण वाट बघत होती. रिक्षावाला वाट बघत होता, त्याला वाटलं काही राहिलंय. शेवटी बहिणीने खालून हाक मारली, "माय, म्हन ना वं."

आई वरून म्हणाली, "ये वर. पोरे भेतस."

पोरं भितात. बहीण पिशव्या उचलून वर आली. झोक्यावर त्या वर्षी कुणी बसलं नाही. संध्याकाळी मी दोर सोडला.

आई थंडीत गेली. आजार फार लांबला नाही. शेवटच्या दिवसांत माझी मुलगी तिच्या खाटेपाशी जायची, पाणी द्यायची, पण आई गोष्ट सांगू लागली की उठायची. मी तिला रागावलो नाही. रागावून काय होणार? पाच वर्षांची असताना तिने जे ऐकलं ते ऐकलं.

दहाव्याच्या दिवशी, सगळे जेवून गेल्यावर, बहीण माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "भाऊ, मायनं गानं शे का तुन्हाजोडे?" माझ्याकडे आईचं गाणं आहे का? मी मोबाइल काढला. माझ्याकडे तोच तुकडा होता. दुसरं काही नव्हतं. इतकी वर्षं आई समोर गात होती, रेकॉर्ड करायचं कुणाला सुचतं? बहीण म्हणाली, "लाव. डोया मिची लेऊत." डोळे मिटून घेऊ.

आम्ही दोघांनी डोळे मिटले. भुताची बाई दिसली नाही. पण मागचा तो दुसरा आवाज, खालच्या सुरातला, तो डोळे मिटून आणखी मोठा झाला. झोका थांबना. ऊन कलनं. मला माहीत होतं किंकाळी कुठे येते, म्हणून मी अंगठा तयार ठेवला होता. मी बरोबर जागी बंद केलं. बहीण डोळे मिटून तशीच बसून राहिली. पुढची ओळ यायची वाट बघत. मग तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "घर ये म्हनेल नही."

तिने "घर ये" म्हटलंच नाही.

तेव्हापासून मी कानवाल्याला शोधतोय. त्याचा नंबर लागत नाही. कागदावर जो पत्ता आहे तिथे पाठवलेली तीन पत्रं परत आली. कडोदऱ्याच्या त्या कारखान्यातही मी गेलो. भर दुपारची वेळ. तो आता पुन्हा चालू झाला आहे, नवा मालक, नव्या लूम. वॉचमनने आत सोडलं. छताला ज्या कडीला झोका बांधला होता ती अजून आहे. खाली एक ओडिया कामगार दोन लूम सांभाळत होता. मी तिथे उभा राहिलो. ज्याने लूमवर दिवस काढलेत त्याला हे माहीत आहे की त्या खडखडाटात माणसाला स्वतःच्या मनातलं काहीही ऐकू येतं. नवीन आलो होतो तेव्हा मला रोज शिफ्टच्या शेवटी आई हाक मारताना ऐकू यायची, पूर्ण चार ओळी, भाकरीसकट. त्या जोरावर मी उभा राहिलो. त्या दिवशीही ती आली. झोका थांबना, ऊन कलनं. आणि तिथेच तुटली. मी लूमच्या तालावर पुढची ओळ बसवून पाहिली, ओठ हलवून, तीन-चारदा. बसेना. माझ्या डोक्यातली आईसुद्धा आता त्यांनी कापली तिथेच थांबते. कामगाराने मला विचारलं, "क्या चाहिए, सेठ?"

मागच्या महिन्यात माझी मुलगी खाली खेळत होती. ऊन उतरलं होतं. जेवण तयार होतं. मी दुसऱ्या मजल्यावर उभा होतो आणि माझ्या तोंडातून ते आलं. मला गाता येत नाही. मी नुसतं म्हटलं, "आंडेर, घर ये." ती मान वर करून बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, वो मत बोलो ना." मी खाली गेलो आणि तिला उचलून वर आणलं. सात वर्षांची पोर, जड झाली आहे. जिन्यात तिला सांगितलं, आंडेर म्हणजे मुलगी. म्हणजे तू. तिने विचारलं, "फिर टीव्ही में क्यूँ बोला अंधेर?"

म्हणून हे लिहितो आहे. कानवाल्या, तुझ्याकडे त्या दिवसाचं सगळं रेकॉर्डिंग आहे. तिन्ही वेळचं. हॉर्न असलेलं, बहिणीचं हसू असलेलं. भाकरीची ओळ आहे. "घर ये" आहे. आणि शेवटी आई हसून तुला म्हणते ते आहे, तूही आता घरी जा, तुझी आई वाट बघत असेल. तू तेव्हा हात वर धरून उभा होतास, म्हणजे मशीन चालूच होतं. एक प्रत द्यायचं तू कबूल केलं होतंस. मी तुझ्याशी घासाघीस करणार नाही. तुला त्या प्रतीचे पैसे हवे असतील तर तू सांगशील तो आकडा मी देईन, आणि माझ्या तोंडून असं वाक्य मार्केटमध्ये कुणी ऐकलेलं नाही.

पण प्रत टपालाने पाठवू नकोस. घेऊन ये. ज्याने आंडेर ऐकून अंधेर लिहिलं, एकदा फोन करून या शब्दाचा अर्थ काय असं विचारलं नाही, त्यालाही घेऊन ये. आईने मला जे विचारलं त्याचं माझं उत्तर मी इथे सगळ्यांसमोर दिलं आहे. नाही विचारलं, माय. चुकलं. आता तुम्ही द्या. आखाजीला माझी बहीण येईल, खाली रिक्षातून उतरेल आणि सवयीने वर बघेल. त्या वेळी तुम्ही दोघे दुसऱ्या मजल्यावर उभे राहा आणि तिला, आणि माझ्या मुलीला, सांगा की त्या गाण्यात कुणाला बोलावलं होतं.